काचेवरचं चक्र

आमची जीप आधीच्या मालकाने दूध वाहून वाहून आंबट करून ठेवली होती. माझ्या वडिलांनी, आबांनी, ती घेतली तेव्हा मी नववीत होते. सोड्याच्या पाण्याने तीनदा धुतली, तरी उन्हात उभी राहिली की मागच्या बाकाखालून तो वास यायचाच. पन्हाळ्याच्या बाजूच्या आमच्या गावाहून कोल्हापूरला ती वडाप करायची, म्हणजे सीटामागे भाडं घेऊन माणसं न्यायची. गावच्या फाट्यावर नंबर लावायचा, सीटा भरल्या की निघायचं.

त्या काळात वडापच्या जीपा नटलेल्या असायच्या. शाळा सुटली की ड्रायव्हरांची पोरं आपापल्या गाडीला भिडायची. आमच्या घरी पोरगा नव्हता, मी होते. स्टेअरिंगला मी लाल-पिवळी प्लॅस्टिकची दोरी गुंडाळली. आईच्या मशीनवर रेक्झिनची सीट कव्हरं शिवली. दोन सुया मोडल्या. चिखल अडवायच्या मागच्या रबरांवर पांढऱ्या रंगाने मोर काढले, ते बदकांसारखे झाले. भंगारातून तीन तोंडांचा हॉर्न आणला तेव्हा आबा बॅटरीच्या नावाने ओरडले आणि पुढच्या वळणावर उगाचच दोनदा वाजवून आले.

समोरची काच तेवढी कोरी होती. बाकी सगळ्या गाड्यांवर कुलदैवताची कृपा, घराण्याचं नाव, पोरांची नावं असं काहीतरी रेडियममध्ये चमकायचं. फाट्यावरचा एक ड्रायव्हर आबांना म्हणायचा, "मामा, काच मोकळीच ठेवलीसा? घराला उंबरा न्हाय तसं वाटतंय की."

"काच म्होरं बघायला असती," आबा हसत म्हणायचे.

त्या हसण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आम्ही बौद्ध. आमच्या घरात कॉटखाली चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. आबा तरुणपणापासून ती वाटत आलेले, आणि त्यांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. खरं असेल ते मोठ्या अक्षरांत लिहावं आणि चार लोक बघतील तिथे लावावं, एवढंच तत्त्वज्ञान घेऊन मी सोळा वर्षांची झाले. आबांनी काच त्यासाठीच कोरी राखून ठेवली आहे, असं मला वाटायचं.

अकरावीच्या प्रवेशाला कोल्हापूरला गेले, तेव्हा राजारामपुरीतल्या रेडियमच्या दुकानात शिरले. वहीत काढून नेलेलं चित्र दाखवलं: आमच्या वस्तीच्या निळ्या झेंड्यावरचं चक्र, चोवीस आऱ्यांचं.

"एवढ्या आऱ्या कोण मोजतंय? बारा मारू की," दुकानदार म्हणाला.

"न्हाय. चोवीस."

"मग तूच काप बाई," म्हणून त्याने ब्लेड पुढे सरकवलं. मी कापलं. शेवटी तो जवळ येऊन वाकून बघत म्हणाला, "हात चांगला हाय. शाळा सोड आन् ये हितं."

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा उठायच्या आत साबणाचं पाणी मारून मी ते काचेवर चिकटवलं, पट्टीने बुडबुडे काढले. आबा तोंड धुऊन आले. टॉवेलने काचेवरचं साबणाचं पाणी पुसलं. "बरं कापलंयस," म्हणाले आणि किल्ली फिरवली.

फाट्यावर आमचा पहिला नंबर होता. मी पुढे बसले होते, म्हणून सगळं बघितलं. नेहमीचा एकजण आला, पायरीवर पाय ठेवला, काचेकडे नजर गेली. पाय खाली आला. "तुमी व्हा म्होरं, मी मागनं येतो." त्याच्यामागून दोन बायका आल्या आणि बोलत बोलत आमची गाडी ओलांडून गेल्या. मागची जीप भरली, सुटली. तिच्या मागचीही सुटली.

या सगळ्यांना आम्ही कोण ते माहीत होतं. दोन वर्षं ते आमच्याच गाडीतून गेले होते, आबांच्या खांद्याला खांदा लावून बसले होते. माहीत असणं त्यांना चालत होतं. लिहिलेलं चाललं नाही.

बांगड्यांची टोपली घेऊन एक म्हातारी मात्र रोज आमच्याच गाडीत बसायची. तिला दिसत नव्हतं की दिसूनही ती बसत होती, ते मी कधी विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी मीच ब्लेड घेऊन गाडीपाशी गेले. "आबा, काढू का?"

"ठेव ते खाली."

"पण सीटा बसत न्हाईत..."

"लावायच्या आदी इचारलं असतंस तर मी नगं म्हणलो असतो," आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "न लावता मी दोन वर्सं काढली, त्यात मला लाज न्हाय वाटली. आता लावलंय. आता काढलं तर ते त्यांनी काढल्यागत हुतंय."

वडाप बंद झाली. आबा ऊसतोडीच्या हंगामात बिद्रीच्या साखर कारखान्याकडे दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जाऊ लागले आणि महिनोन्‌महिने तिकडेच राहू लागले. जीप अंगणात उभी राहिली. माझं कॉलेज चालू राहिलं, आणि तिथे मी समतेवर तावातावाने बोलून बक्षिसं आणत राहिले. ती घरी आणून ठेवताना अंगणातून जावं लागायचं.

पुढे गिऱ्हाईक आलं. गाडी फिरवून बघितली, मग म्हणालं, "पावणं, तेवढं काचेवरचं खरडून द्या."

आबा आत गेले, स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. रबर सोडवून त्यांनी काच फ्रेममधून अख्खी काढली आणि भिंतीला टेकवली. "काच तुमची तुमी बसवा."

ती काच अजून भिंतीलाच आहे. आता मी स्वतः पत्रकं लिहिते. छापायला देण्याआधी प्रत्येक पत्रक आबांना वाचून दाखवते, कारण सोळाव्या वर्षी विचारलं नव्हतं. ते डोळे मिटून ऐकतात. वाक्यं चांगली आहेत की वाईट, याबद्दल कधीच बोलत नाहीत.

"हे फाट्यावर उभं ऱ्हाऊन वाटणार कोण?" एवढंच विचारतात.