रकाना रिकामा ठेवायचा नाही

फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात डबे साचतात ना, तसे माझ्याकडे किस्से साचलेत. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण उघडायचं धाडसही होत नाही. मी मूळची कराडची. नवऱ्याच्या नोकरीपायी मोहालीत आले आणि इथल्या रेस्टॉरंटवाल्यांना स्वच्छता शिकवू लागले, त्यांचं ऑडिटही करू लागले. हात कसे धुवायचे, फ्रीज किती थंड हवा, आजारी माणसाला किचनमध्ये का येऊ द्यायचं नाही, वगैरे. आजचे किस्से एकाच किचनचे. मालक हरदीपजी आणि मुख्य कुक रावतजी, गढवालचे.

*

पहिल्याच दिवशी बेसिनवर नवाकोरा साबण दिसला, कागदासकट. बरं वाटलं. दोन महिन्यांनी गेले, तर तोच साबण, तोच कागद!

"मॅडम जी, ऑडिट के लिए रखा है," रावतजी म्हणाले. "इस्तेमाल किया तो खत्म हो जाएगा ना!"

मी हसले. तेव्हा मला हसू यायचं.

*

मग मी दोन रजिस्टरं लावून दिली. एक फ्रीजच्या तापमानाचं, दुसरं स्टाफच्या तब्येतीचं. ताप, उलटी, जुलाब आहे की नाही, हे रोज प्रत्येकाने लिहून सही करायची. "एकही रकाना रिकामा दिसला तर मार्क कापीन," असा दमही भरला.

महिन्याने तपासलं. फ्रीज रोज चार अंश! म्हटलं, "रावतजी, इसमें तीन दिन तो फ्रिज रिपेअर में था!"

"हां जी. पर मैं तो पहली तारीख को ही पूरा महीना भर देता हूँ. बाद में टाइम कहाँ मिलता है?"

मी कपाळावर हात मारला. त्यांनी कान पकडले आणि मला खूश करायला कांदेपोहे केले. गरम मसाला घालून! मी मुकाट्याने खाल्ले. माहेर सुटल्यापासून माझ्यासाठी कोणी पोहे केले नव्हते, हे मात्र त्यांना सांगायचं राहून गेलं.

*

भांडी घासणारा बलबीर माझा खरा शिष्य निघाला. एके दिवशी त्याने जुलाबाच्या रकान्यात "हो" लिहिलं. चंदीगड-मोहाली-पंचकुला या अख्ख्या ट्रायसिटीत मी पाहिलेला पहिला "हो"! नेमकी मी तिथेच होते. सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या आणि त्याला घरी पाठवायला लावलं.

चौथ्या दिवशी तो बरा होऊन आला, तर त्याच्या जागी दुसराच माणूस भांडी घासत होता.

"मॅडम, किचन रुकता थोड़ी है," हरदीपजी म्हणाले.

मी भांडले. उपयोग शून्य. त्यानंतर त्या किचनमध्ये कोणी आजारीच पडलं नाही!

*

पुढच्या भेटीत रावतजी घामाने निथळत होते. डोळे लालभडक.

"तबीयत ठीक है ना?"

"फर्स्ट क्लास, मॅडम जी. भट्टी की गर्मी है." आणि त्यांनी हळूच बलबीरच्या जागेवरच्या माणसाकडे पाहिलं.

थर्मामीटर माझ्या हातातच होता. मी तो दालमखनीत बुडवला. डाळ पास झाली. रावतजींच्या कपाळाला हात लावून पाहावं, हे सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, सुचलं होतं. पण मला पुढच्या ऑडिटची घाई होती.

टायफॉइड होता. त्यांनी तो दहा दिवस अंगावर काढला. त्या दहा दिवसांत त्यांच्या हातचं किती जणांनी खाल्लं, देव जाणे. तेरा तारखेला रावतजी गेले.

*

महिनाअखेरीस पुन्हा ऑडिट. भट्टीपाशी नवा कुक होता. बेसिनवर तोच साबण. हरदीपजींनी तब्येतीचं रजिस्टर पुढे सरकवलं आणि मी रावतजींचं पान काढलं.

तेरा तारीख. ताप नाही, उलटी नाही, जुलाब नाही. खाली सही. चौदा तारीख. नाही, नाही, नाही. सही. असं थेट एकतीसपर्यंत, त्यांच्याच अक्षरात.

"देख लो मॅडम, एक भी कॉलम खाली नहीं है," हरदीपजी म्हणाले.

माझ्या फॉर्मवर प्रश्न एवढाच होता: रजिस्टर पूर्ण भरलं आहे का?

मी "हो" लिहिलं.