आवाज द्या, ताई

शुद्धलेखन चुकलं असेल आणि अक्षर तर पीठ सांडल्यासारखं आहे, त्याची माफी. चौथीनंतर शाळा सुटली. पण कप्तान भियांबद्दल लिहून ठेवावंसं वाटतं.

देवासच्या ज्या हॉटेलात मी रोट्या लाटत असे, तिथले ते मुख्य आचारी. भिया म्हणजे आमच्याकडे दादा. मूळचे धारचे, मराठी. जन्मात बॅट धरली नसेल, पण स्वयंपाकघरातलं बोलणं सगळं क्रिकेटचं. भाजी संपली की ती आऊट. सहा रोट्या म्हणजे छक्का. कटकट करणारं गिऱ्हाईक मात्र ‘मामेसासरे’. तो शब्द घरचा. एकदा भर मे महिन्यात गॅस संपला, तेव्हा हॉलमध्ये जाऊन गंभीरपणे म्हणाले, “बारिश की वजह से मॅच रुकी है.” एक गृहस्थ स्कूटरची सीट झाकायला बाहेर धावले.

त्यांचा कायदा एकच. ऑर्डर आली की ज्याचं काम त्याने “झेललं” असं ओरडायचं. ओरडलं नाही तर झेल सुटला, ऑर्डर रद्द. माझा आवाज ओठांबाहेर येत नसे, म्हणून मला सूट मिळाली: लाटणं पोळपाटावर दोनदा आपटायचं. आत सुतार बसवलाय का, अशी एका गिऱ्हाइकाने तक्रार केली. मामेसासरे आहेत, चालायचंच, कप्तान भिया म्हणाले.

माझ्या मुलीच्या फीची अडचण कुणीतरी त्यांच्या कानावर घातली आणि त्यांनी न मागता पैसे दिले. मी साठवून परत करायला गेले तर त्यांनी हात मागे घेतले.

“ताई, पैसे म्हणजे पण ऑर्डर. आवाज द्या, मग घेतो.”

लाटणं आपटलं तरी घेईनात. त्यांच्या मसाल्याच्या डब्याखाली ठेवले, तर दुसऱ्या दिवशी माझ्याच पिठात सापडले.

मग ते भावाच्या ढाब्यावर कुक्षीला जायला निघाले. उधारी माझ्या डोक्यावर ठेवून माणूस जाणार, हे मला चालणार नव्हतं. शेवटच्या दुपारी ते भट्टीकडे तोंड करून उभे होते. मी नोटा मुठीत धरल्या, डोळे मिटले आणि ओरडले, “कप्तान भिया, तुमचे पैसे घ्या!”

भांडी घासणारी बाई थांबली. मालक आग लागली समजून पाण्याची बादली घेऊन आत आले. कप्तान भिया वळले. त्यांना खेळातला एकही शब्द सुचला नाही. बनियनला हात पुसून त्यांनी नोटा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

“बरोबर आहेत, ताई,” ते हळूच म्हणाले. “पूर्ण फिटले.”