कापलेले लाल दोरे

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, "आजी, तुझ्या मागच्या भिंतीवर तो फिकट चौकोन कसला?" मी म्हटलं, सांगते. तेवढ्यात तुम्हाला कुणीतरी जेवायला हाक मारली आणि ते राहून गेलं. लांबलचक बोलायला आताशा दम पुरत नाही, म्हणून लिहून पाठवते.

तिथे अकरा वर्षं एक वॉल हँगिंग होतं. हातमागावर विणलेली चित्रं तुम्ही इथल्या हॉटेलांत पाहिली आहेत: मोर, घोडे, थोर माणसांचे चेहरे. हे तसं नव्हतं. यात फक्त एका बाईचे दोन हात होते, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, आणि बोटांत वळली जाणारी बिडी. विणणारी मुलगी तेव्हा चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. भवानी पेठेतलं तेलुगू विणकराचं घर. तिच्या आजोबांचा माग अजून जागेवर होता, आई बिड्या वळायची. ते हात आईचेच. मुलगी ग्राफच्या कागदावर चित्र काढायची आणि स्वतःच मागावर बसायची.

निवृत्त झाल्यावर तुमच्या आजोबांनी आणि मी एक नियम केला होता. ज्याचं काम अजून कुणीच विकत घेतलेलं नाही, अशा एकाचं काहीतरी दरवर्षी घ्यायचं. नाव झालेल्यांना गिऱ्हाइकं मिळतात, पहिलं गिऱ्हाईक मिळणं अवघड, असं आजोबा म्हणत. कॉलेजच्या प्रदर्शनात आम्ही ते हात पाहिले आणि तिने सांगितलेल्या किमतीला घेतले. तिची आई तिथेच होती. म्हणाली, "बाई, तुमी भवानी केली आमच्या पोरीची. आता हिला कमी न्हाय पडायचं."

घरी येऊन मी ते जेवणाच्या टेबलावर पसरलं. बिडी बांधायच्या लाल दोऱ्याचे पंधरा-वीस पदर विणलेल्या बोटांतून कापडाबाहेर आले होते आणि वीतभर खाली लोंबत होते. मला वाटलं, पोरीची घाई झाली, काम पुरं करायचं राहिलं. आमच्या मिशनच्या शाळेत शिवणाच्या मिस रुमाल हातात घेतला की आधी उलटा करून बघत. एक दोरा दिसला तरी सगळं उसवायला लावत. ती शिस्त माझ्या अंगातून साठ वर्षांत गेली नाही. मी भरतकामाची छोटी कात्री काढली आणि एकेक दोरा कापडालगत कापला. मग कडा दुमडून टीप घातली.

आजोबा पेपर वाचत होते. म्हणाले, "तिला विचारलंस का?"

"यात विचारायचं काय?" मी म्हटलं.

सगळी संध्याकाळ त्यात गेली, आणि खरं सांगायचं तर मला फार समाधान वाटलं. मुलीवर एक उपकारच केला, असं वाटलं.

पुढच्या वर्षी दुसरं काम द्यायला ती आईबरोबर घरी आली. भिंतीसमोर जरा वेळ उभी राहिली. "छान ठेवलंय, मॅडम," एवढंच म्हणाली. तिच्या नव्या कामात एकही दोरा सुटा नव्हता. मी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हटलं, "बघ, हाताला किती सफाई आली तुझ्या." हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

तिच्यासाठी मी आमचा नियमही मोडला. त्यानंतर तिची आणखी तीन कामं घेतली, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवली. पुढे तिला टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन काढायची नोकरी लागली, आणि माग फक्त सुट्टीच्या दिवशी चालू लागला.

या उन्हाळ्यात तिचा फोन आला. पुण्यात चित्रांचं दालन चालवणारे एक गृहस्थ इकडे नव्या लोकांचं काम बघायला येणार होते. तिने त्यांना फोटो पाठवले होते. "मॅडम, त्यांना माझं पहिलं काम प्रत्यक्ष बघायचंय. बाकीची कुठल्याही शोरूममध्ये मिळतील, म्हणाले. त्यांना आवडलं तर दालनातली एक भिंत मला देणार आहेत." तिचा आवाज इतका वर गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

दुपारच्या उन्हात दोघी मायलेकी आल्या. मी काम आधीच उतरवून, झटकून टेबलावर ठेवलं होतं. मुलगी त्यावरून बोट फिरवत राहिली. कापलेल्या जागी लाल खुंट होते, दाढीच्या खुंटांसारखे. मग तिने मोबाइलवर कॉलेजातला जुना फोटो काढून माझ्यासमोर धरला. फोटोत ते लाल दोरे हातांतून निघून खाली, पार चित्राच्या बाहेर गेले होते. तिने केलेलं काम मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

"हे दोरे ठेवायचे होते?" मी विचारलं.

"हो, मॅडम. अम्माच्या हातातला दोरा कधी संपतच नाही ना."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? इथे समोर उभी होतीस."

आई म्हणाली, "कसं बोलंल, बाई? तुमी पैलं गिऱ्हाईक. घरी येऊन लई रडली. मग म्हनली, त्या मोठ्या शाळंत शिकल्यात, त्यास्नी ठावं असंल की."

"आणि मग मी पण कापायला लागले," मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

कापलेले दोरे मी त्याच संध्याकाळी टाकून दिले होते. पुड्याची सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवणारी मी.

आईने पिशवीतून बिडीच्या दोऱ्याचं रीळ काढलं. "हे घे, त्योच दोरा. लाव की सुईनं. पुन्याच्या मान्साला काय कळतंय?"

"मला कळेल ना, अम्मा."

"मग ऱ्हाऊ दे." आई माझ्याकडे वळली. "बाई, तुमी तर न्हाव्याचं दुकानच काढलं हितं. कुटं हाय ती कात्री? बगू तरी."

मी आणून दिली. तिने बोटं घालून पाहिली, दोन पेरांपुढे जाईनात. "एवढीशी! हिनं पान न्हाय कापायचं, नख कापायचं!" आम्ही तिघी हसलो. मी सगळ्यांत आधी थांबले.

ते काम ती तसंच घेऊन गेली, बरोबर तो फोटो. चौथ्या दिवशी तिचाच फोन आला. गृहस्थांनी दोन्ही पाहिलं आणि म्हणाले, फोटोत आहे तसं नवं काही करा, मग या. या वेळी जमणार नाही.

"त्यांचं बरोबर आहे, मॅडम," ती म्हणाली. "मी परवा बसले होते मागावर. दोरा सुटा सोडला की हात आपोआप कात्रीकडे जातो."

तिने विचारलं, ते काम तिच्याकडेच ठेवलं तर चालेल का, मागासमोर लावायला. मी म्हटलं, ते तुझंच आहे. आणि नवं जे करशील ते मी घेईन, कसंही असू दे.

"करते," ती म्हणाली. "पण मॅडम, राग मानू नका. पुढचं आधी दुसऱ्या कुणालातरी दाखवेन."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

तर तो चौकोन असा. तिची बाकीची चार कामं कपाटात आहेत, फार नीटनेटकी. तुमची आई म्हणते, तिथे मुलांनी काढलेलं काहीतरी लाव. धाकट्या, तू पाठवलेला हत्ती मी चौकटीत बसवला तेव्हा कागद मोठा होता, म्हणून मी तो बाजूने कापला होता. शेपटी त्यात गेली. तू कॉलवर तो पाहिलास आणि "छान आहे, आजी" म्हणालास.

शेपटी तुला हवी होती का? हवी असेल तर तसं मला लिही.