कार्बनच्या पिंजऱ्यांचं बारसं

पोराबाळांना नाव नसलं तरी चालेल, पण कार्बनचा एकही रेणू बिननावाचा राहता कामा नये, असं मानणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असेल आणि तो नेमका माझा साडू निघाला. राजुऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत. नव्वदच्या दशकात कार्बनच्या पोकळ, चेंडूसारख्या रेणूंचा जगभर गाजावाजा चालला होता. साठ अणूंचा एक, सत्तरचा एक, अशी सारखी नवी भर. त्यांना फुलरीन म्हणतात एवढं मलाही ठाऊक होतं. नागपूरच्या कॉलेजात मी तेच शिकवून पोट भरत होतो. साडूभाऊंचा संताप मात्र निराळा. "कोळसा आमच्या राजुऱ्यात निघते, अन् नावं तिकडचे लोक ठेवून राह्यले! मराठीत काऊन नाई?" त्यांची स्वतःची मुलगी शाळेत घालेपर्यंत नुसती 'बेबी' होती. हेडमास्तरांनी नाव विचारलं तेव्हा बाप-लेक एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

या नावांची किल्ली त्यांना गडचिरोलीकडच्या चामोर्शीच्या बाजारात सापडली. बांबूचा गोल पिंजरा विणणाऱ्या एका बुरूडबाईने त्यांना सांगितलं, "सहा कोनाची घरं कितीबी घाला सर, पाचाची बारा पडल्याशिवाय गोळा मिटत नाई." कार्बनच्या पिंजऱ्याचाही हाच नियम. साडूभाऊ तिच्यासमोर फतकल मारून बसले आणि शेवटची एसटी निघून गेली. पुढे ते स्वतःच विणायला शिकले. पाच कोनांची घरं एकमेकांना चिकटलेली असली तर रेणू 'जोड', नसली तर 'सुटा'. अणूंचा आकडा हेच आडनाव; आकडा तोच पण घडण वेगळी, ते सगळे भाऊ, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. प्रत्येक रेणूचा बांबूचा पिंजरा आणि त्याला नावाची चिठ्ठी. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. मेहुणीने एकात लसूण ठेवला तर म्हणाले, "तो सत्तर आहे, त्यात लसूण नाई ठेवत." "मंग कशात ठेवू?" "त्या कोपऱ्यातल्यात ठेव. त्याचं नाव अजून ठरलं नाई."

या वेडाला मी चार वर्षं हसलो. मग आमच्या कॉलेजात परिसंवाद ठरला आणि मीच फुशारकीने म्हणालो, या, दहा मिनिटं मिळवून देतो. त्यांना दुसरं काही नकोच होतं. ती नावं जाणत्या माणसांनी एकदा वाचावीत, चुकली असतील तर चुकली म्हणावं, एवढीच आस होती. दोन पोती पिंजरे घेऊन ते बसने आले, पोती माझ्या हवाली केली आणि हातपाय धुवायला गेले. सजावटवाल्यांनी पोती उघडली आणि पिंजऱ्यांत दिवे सोडून ते मंचावर टांगले. चिठ्ठ्या तशाच लोंबत राहिल्या. आमच्याकडचा माणूस बांबू घेऊन विद्वानांत आला की तो शोभेसाठीच आला, असं सगळे धरूनच चालतात. प्रमुख पाहुणे खूश झाले. "वा! ही कुठली हस्तकला?" माझी बढती त्यांच्या हातात होती. मी हात जोडून म्हणालो, "आमच्या गडचिरोलीकडची, सर. बुरूडकाम." साडूभाऊ तेव्हा दारातच उभे होते.

ती दहा मिनिटं त्यांना मिळाली नाहीत. मी मागितलीच नाहीत. बढती मिळाली, आणि ते वाक्य आठवलं की आजही मला माझी किळस येते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी एकेक दिवा स्वतः सोडवला, पिंजरे पोत्यांत भरले. बसस्टँडवर त्यांनी विचारलं, "भाऊ, चिठ्ठी वाचली का हो कोनी?"

"वाचली की," मी म्हणालो. "पाहुण्यांनीच वाचली."

"कोनती?"

चार वर्षं हा माणूस मला नावं ऐकवत होता, आणि मला त्यातलं एकही आठवेना. पोत्याची गाठ आवळत, मला सावरून घेत तेच म्हणाले, "धाकटा अठ्ठ्याहत्तर असन. माइकजवळ तोच होता."

"हो, तोच," मी म्हणालो, आणि त्यांची पोती बसवर चढवू लागलो.