चुन्याचा गोटा

"बुजला. आता ठेव पाय."

खड्ड्यावर गोटा बसवून काकाजी त्यावर टाच दोनदा दाबत आणि हे म्हणत. तोवर मला पुढे पाऊल टाकू देत नसत.

ते आंधळगावचे, कोशाच्या म्हणजे टसर रेशमाच्या कापडाचे व्यापारी. मी मोहाडीला तहसील कचेरीत कारकून. सत्तरीचं दशक सरत आलं होतं. बहिणीच्या लग्नासाठी लुगडं घ्यायला त्यांच्याकडे गेलो, तर सुताच्या लडींशेजारी कोपऱ्यात काठ्यांनी भरलेली एक कातडी पिशवी दिसली.

"हे काय जी, काकाजी?"

"गोल्फ. येतं का तुले?"

मला थट्टा वाटली. पण ती खरीच गोष्ट होती. खाणीवरच्या एका साहेबाकडे ते कापड घेऊन जात आणि तिथं पाहून पाहून खेळ शिकले. साहेब मुलूख सोडून गेला तेव्हा काठ्या यांना देऊन गेला, सोबत एक चित्रही. चित्रात समुद्रकाठचं उघडं माळरान होतं. झाड नाही, नुसतं वाऱ्यानं लोळलेलं पिवळं गवत आणि मधे एक निशाण. काकाजींना आपल्या गावचं गोचर, म्हणजे गायरान, हुबेहूब तसंच वाटलं. "समुद्र नाही तं काय झालं," ते म्हणत, "बोडी हाय ना." त्या गावतळ्यानं त्यांचे किती चेंडू गिळले, ते त्यालाच ठाऊक.

तिथं त्यांनी नऊ खड्डे खोदले. प्रत्येकाभोवती नदीची रेती पसरली आणि ती उडू नये म्हणून राईस मिलच्या इंजिनाचं जळकं तेल तिच्यात कालवलं. निशाणं कोशाच्या उरलेल्या तुकड्यांची. पण गोचर ढोरांचं. पंचांनी परवानगी दिली ती एका अटीवर: ढोराचा पाय खड्ड्यात गेला, की त्या दिवसापासून खेळ बंद. काकाजींनी भर चावडीत "कबूल" म्हटलं होतं. म्हणून हे गोटे. दुरून दिसावेत म्हणून त्यांना चुना लावलेला असे. खेळून झालं की सगळे खड्डे बुजवल्याशिवाय आम्ही घरी परतत नसू.

दर रविवारी मी सायकलनं जाऊ लागलो. मला खेळ यथातथाच आला, पण फटक्यांची मोजणी चोख होती; ज्याचे फटके कमी, तो जिंकला. काकाजींची माझ्याहून चोख. काठी चेंडूला न लागता नुसती वाऱ्यात फिरली, तरी ते म्हणत, "मोज, बाबू. वारा बी मोज." जिंकण्यासाठी खेळणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. हे बहुतेक वेळा माझ्यासारख्या नवशिक्याकडून हरत, आणि तेही बिनचूक.

गावचा ढोरकी गाई राखता राखता आमची मजा पाही. "शेठ, दिवसभर चेंडू धुंडता, त्यापरीस घरीच ठेवा ना!"

"मंग तुह्या गाई कायले सोडतो?" काकाजी म्हणत. "ठेव बांधून."

हसताना मी त्यांना तिथंच पाहिलं. घरी काकू वारल्या होत्या. मुलगा नागपूरला नोकरीला. घरचे माग एकेक करून बंद पडले होते. "घरात कान दुखते, बाबू," ते एकदा म्हणाले. "खटखट नाही म्हनून." गोचरावर निदान वारा तरी बोलायचा.

एका सोमवारी कचेरीत निरोप आला: ढोरक्याची स्वतःची गाभण गाय सातव्या खड्ड्यात पाय अडकून पडली. मी पोचलो तेव्हा तिचा पुढचा पाय गुडघ्याखाली लोंबत होता. ढोरकी तिच्या मानेशी बसून होता. काकाजी उभे होते.

सातवा खड्डा आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर बुजवला होता. टाच दोनदा दाबलेली मी पाहिली होती. मी इकडंतिकडं पाहिलं. पळसाखाली तीन गोट्यांची चूल होती, राख अजून ऊन. ढोरक्याचं चहाचं काळं भगुणं शेजारीच पालथं पडलेलं. आणि एका गोट्याला चुना.

मी काकाजींना बाजूला नेऊन तो दाखवला. "त्यानंच उचलला, काकाजी. पंचांना सांगू. तुमची काही चूक नाही."

त्यांनी चुलीकडे पाहिलं.

"गोटा कोनं नेला ते नोको सांगू," ते हळूच म्हणाले. "खड्डा कोनं खोदला ते सांग."

मी सातव्या खड्ड्याकडे पाहिलं.

"मंग झालं तं. त्याची गाय गेली, आता वरून त्याचीच चूक त्याले काहून द्याची?"

त्यांनी पायानंच चूल मोडली आणि चुना लागलेला गोटा बोडीत टाकून दिला.

संध्याकाळी त्यांनी आपली दुभती गाय दाव्यानं धरून ढोरक्याच्या दारी बांधली. दुसऱ्या दिवसापासून स्वतः मुरूम वाहून नऊही खड्डे भरले, धुम्मसानं ठोकले. पंच "राहू द्या शेठ, वर्षातून एखादं ढोर पडतेच" म्हणाले, तरी ऐकलं नाही. चावडीतला तो "कबूल" शब्दही त्यांनी मोजला होता.

नंतर दर रविवारी मी जाई, तेव्हा काकाजी बंद मागाशेजारी बसलेले असत. काठ्यांवर कापड टाकलेलं. "आज वारा कसा हाय?" एवढं विचारत. मी सांगे. दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्यात ते गेले.

दहाव्याला जाताना मी गोचरातून चाललो. सगळं रान हिरवं झालं होतं. फक्त तेलाच्या रेतीची नऊ काळी वर्तुळं तशीच होती, गवताची काडीही नाही. गाई त्यांना वळसा घालून चरत होत्या. सातव्यापाशी ढोरकी उभा होता, डोक्यावर घोंगडी.

"बाबू," तो म्हणाला, "तो गोटा मीच नेलो होतो. चहासाठी. पोरायची आन, गाय तिकडं जाईन असं नव्हतं वाटलं. काकाजीले मालूम झालं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. मला थांबलेला पाहून म्हणाला, "जा ना, काहून थांबला? खड्डा बुजलेला हाय."

ते मला माहीत होतं. तरी मी गाईंसारखाच वळसा घालून गेलो.