निळ्या गोधडीचं पान

मी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून वेबसाइटवर विकते. माझ्या जाहिरातींचं काम बघणारा मिलिंद काल लॅपटॉप घेऊन आला आणि एका आलेखावर बोट ठेवून म्हणाला, "ताई, लातूरहून कुणीतरी रोज दुपारी निळ्या गोधडीचं पान उघडतं. नऊ मिनिटं थांबतं. खरेदी शून्य."

"ती गोधडी तर कधीच विकली गेली."

"म्हणूनच म्हणतो, ते पान काढून टाकू. आणि या माणसाच्या मागे आपली जाहिरात लावू. जिथे जाईल तिथे दिसेल."

मागे लावू? गिऱ्हाईक म्हणजे काय शिकार आहे?

नऊ मिनिटांत मी वीतभर टाके घालते. कुणाच्या आईची साडी तशीच निळी असेल, कुणाला नुसतंच बघून बरं वाटत असेल. मला काय ठाऊक? आणि का ठाऊक असावं? मी दारात शिवत बसले की शेजारणी येतात, गोधडीवरून हात फिरवतात आणि जातात. त्यांच्यामागे मी कधी धावले नाही.

आमच्याकडे गोधडीचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत पोळीचा तुकडा ठेवतात, गोधडीला उपाशी ठेवू नये म्हणून. तो घास कुणाला दिसत नाही. तरी तो ठेवल्याशिवाय माझी सुई पुढे सरकत नाही.

"पान राहील," मी म्हटलं. "तुझं ते मोजायचं यंत्र तेवढं तिथून काढ."

"मग कुणी आलं की नाही, ते तुम्हाला कळणार कसं?"

"नकोच कळायला. निवांत बघू दे."