सूर्यभान माळ्याची डॉक्टरी

अमेरिकेत लढाई जुंपली आणि तिकडून विलायतेला जाणारा कापूस थांबला, त्या चार वर्षांत वऱ्हाड नुसतं कापसाने झपाटलं होतं. अमरावतीच्या बाजारात गाड्यांना उभं राहायला जागा नसे. ज्याच्याकडे बांधाएवढी जमीन होती तोही तिथे कापूस लावत होता. बडनेऱ्याच्या वाटेवर मळा असलेल्या नत्थुजी माळ्याने मात्र तो लावला नाही. "सारे कापूस पेरून राहिले. उद्या खातीन काय, सरकी?" असं म्हणून तो वांगी, मेथी आणि कांदेच करत राहिला. लोक त्याला हसले. हट्ट त्या घरात रक्तातच होता, आणि बापापेक्षा मुलाच्या अंगात तो जरा जास्तच उतरला.

हा मुलगा सूर्यभान. अंगाने काटक, बोलायला तुटक. अमरावतीच्या सरकारी शाळेत मराठी पुरं करून इंग्रजीच्या दुसऱ्या पुस्तकापर्यंत गेला आणि मग आगगाडीच्या मार्गाच्या मोजणीवर कामाला लागला. रूळ तेव्हा खानदेशाकडून वऱ्हाडात सरकत होते. साखळी धरता धरता तो दुर्बिणीतून उतार काढायला शिकला, नकाशा वाचायला शिकला, आणि लाइनीवरचा गोरा इंजिनियर साहेब त्याला "पंडित" म्हणू लागला. लग्न लहानपणीच झालेलं होतं. बायको सुभद्रा अजून अकोल्याला माहेरीच होती. तिचा बाप जानराव हा तिथल्या माळी समाजाचा पंच, आणि कापसाच्या पैशाने त्याचा आवाज आणखी चढलेला.

पावसाळा तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. मूर्तिजापूरजवळ एका पुलाच्या पायाचा खड्डा खोल गेला होता. काळी माती वाळली की भेगाळते, आणि त्या खड्ड्याच्या कडांना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मुकादमाने टेकू द्यायला लाकूड मागितलं. ती मागणी सूर्यभाननेच साहेबाला वाचून दाखवली. साहेब म्हणाला, लाकूड रुळाखाली घालायला पुरत नाही, पाऊस पडायच्या आत पाया वर आलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी एक अख्खी बाजू खाली बसली.

दोन मजूर जागीच गेले. देवीदास नावाचा तिसरा कमरेपर्यंत गाडला गेला. त्याला उकरून काढला तेव्हा एक पाय गुडघ्याखाली चेचलेला होता. सूर्यभानने गाडी जुंपली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि अकोल्याचा दवाखाना गाठला.

दवाखान्याचे डॉक्टर मुंबईकडचे होते, एकटेच होते, आणि त्यांचा मदतनीस तापाने पडला होता. "पाय कापावा लागेल. धरशील?" त्यांनी विचारलं. सूर्यभानने धरला. गुंगीच्या औषधाचा गोड वास, करवतीचा आवाज, मग हातातलं ते एकाएकी वेगळं झालेलं वजन. बाहेर येऊन तो ओकला. तोंड धुऊन परत आत गेला आणि विचारलं, "आता काय धरू?"

देवीदास वाचला. आठवडाभर सूर्यभान कामावर गेलाच नाही. पट्टी कशी सोडायची, जखम कशी धुवायची, हे बघत दवाखान्यातच राहिला. एका सकाळी त्याने डॉक्टरांना सरळ विचारलं, "मले हे शिकाचं हाय. काय लागते?"

"दोन वाटा आहेत," डॉक्टर म्हणाले. "मोठी वाट इंग्रजीतून जाते. त्याला आधी मॅट्रिकची परीक्षा, मग कितीतरी वर्षं मुंबईत. तुझं इंग्रजी किती झालंय?"

"दुसरं पुस्तक."

"मग ती आत्ता तुझ्यासाठी नाही. दुसरी वाट मराठी वर्गाची, तीही मुंबईतच. तीन वर्षं. मोठा डॉक्टर होणार नाहीस, पण सरकारी दवाखाना चालवशील. वय विसाच्या आत हवं. मराठी शुद्ध लिहिता आलं पाहिजे, हिशेब त्रैराशिकापर्यंत. प्रकृती निरोगी आणि दंडावर देवी टोचल्याची खूण. शिकून झालं की काही वर्षं सरकार पाठवील तिथे नोकरी. आणि चालचलणुकीचा दाखला, तुझ्या गावच्या दोन प्रतिष्ठित रहिवाशांच्या सहीचा."

"बस एवढंच?"

"नाही. एक गोष्ट कागदावर नाही, ती मी सांगतो. प्रेत चिरावं लागतं. स्वतःच्या हाताने. कुणाचं, कुठल्या जातीचं, विचारायचं नाही. कितीतरी मुलं पहिल्याच दिवशी घरची वाट धरतात."

"खड्ड्यातले दोघं माह्याच हातानं काढले मी," सूर्यभान म्हणाला. "त्यायची जात कोनं इचारली नाई."

त्याने बाही वर केली. दंड कोरा होता. देवी टोचायला सरकारी माणूस आला की तेव्हा गावंच्या गावं पोरं घेऊन शेतात पळत. "टोचा," तो म्हणाला, आणि डॉक्टरांनी तिथेच टोचलं.

लाइनीवर परतला तर साहेब त्याचीच वाट बघत होता. त्याने पुण्याच्या इंजिनियरीच्या शाळेसाठी शिफारस लिहून ठेवली होती. तिथून निघाला की ओव्हरसियर. घोडा, तंबू, हाताखाली पन्नास माणसं. एका माळ्याच्या पोराला त्या काळात याहून मोठं काय मिळणार होतं? नत्थुजीला ही बातमी आधीच कळली होती आणि त्याने मळ्यातल्या मारुतीला नारळही फोडला होता.

सूर्यभानने नको म्हटलं तेव्हा साहेब रागावला नाही. त्याने खुर्ची ओढून घेतली आणि समजावलं. तो हिंदुस्तानी बोलायचा, आणि चांगली बोलायचा. "पंडित, डॉक्टर एक एक माणूस वाचवतो, तोही मोडल्यावर. इंजिनियर खड्ड्याला टेकू देतो आणि शंभर माणसं मोडतच नाहीत. विचार कर. कुठलं काम मोठं?"

सूर्यभानने विचार केला. बोलणं खोटं नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"टेकू मागितला होता साहेब," तो शेवटी म्हणाला. "ती मागनी मीच वाचून दाखवली होती. मी ओव्हरसियर झालो तरी मागीन. तुम्ही नाई म्हनसान, अन् मले मान हालवून मान्सं खड्ड्यात उतरवा लागतीन. मी नाई उतरवत."

साहेबाने शिफारस फाडली. दुसऱ्या दिवसापासून मोजणीच्या कामावर सूर्यभानचं नाव नव्हतं.

खरा कहर घरी झाला. नत्थुजी दोन दिवस जेवला नाही. मग अकोल्याहून जानराव स्वतः आला, सोबत समाजाची चार माणसं. मळ्यातल्या आंब्याखाली सगळे बसले. जानरावाने जावयाकडे बघितलंही नाही. बोलला तो नत्थुजीशी.

"व्याही, तुमचा पोट्टा मढे चिरासाठी मुंबईले चालला म्हनते. हे खरं हाय का?"

"मले इचारा ना, मामाजी," सूर्यभान म्हणाला. "खरं हाय."

"मग आयका. ज्या दिवशी मढ्याले हात लावसान, त्या दिवसापासून पंगत बंद, पानी बंद. माही पोरगी मी नांदाले धाडत नाई."

"हात तं लावून झाला, मामाजी. देवीदासचा कापलेला पाय म्याच पुरला. आजपासूनच बंद करा."

नत्थुजीने मान खाली घातली. बापाने मध्ये एक शब्द बोलावा असं मुलाला वाटत होतं. नत्थुजी उठून बैलांकडे गेला.

आता दाखल्याचं आलं. शाळेच्या हेडमास्तरांनी पहिली सही दिली, काहीही न विचारता. दुसरी मिळेना. जानरावाची माणसं सगळीकडे फिरली होती. पाटील म्हणाला उद्या ये, शेटजी म्हणाला आमचं समाजाशी काम पडतं. अर्ज पोचवायची मुदत जवळ येत होती.

मळ्याच्या शेजारी पार्वताबाईचं शेत होतं. नवरा गेल्यावर तिने दिरांशी भांडून जमीन आपल्या नावावर करून घेतली होती, आणि आता तिचा कापूस बाजारात नावाने ओळखला जाई. तिने बांधावरून हाक मारली. "काहून फिरून राहिला रे असा तोंड पाडून?"

त्याने सांगितलं.

"मी काय प्रतिष्ठित नाई?" ती म्हणाली.

दोघं अर्ज घेऊन तहसील कचेरीत गेली. कारकुनाने दाखल्यावर पार्वताबाईचा अंगठा बघितला आणि कागद परत सरकवला. "बाईचा अंगठा चालत नाही. पुरुषमाणूस आणा."

"असं कुठी लिवलं हाय?"

"लिहिलेलं नाही. पण चालत नाही."

"सारा भरते तवा माहाच अंगठा घेता ना?" पार्वताबाईचा आवाज कचेरीच्या अंगणापर्यंत गेला. "तवा नाई म्हनत, बाई, घरी जा, पुरुषाले धाड. पैशाले बाईचा अंगठा चालते, अन् पोट्ट्याच्या चालीले चालत नाई? बोलाव तुह्या साहेबाले. मी इथंच बसते."

आणि ती खरंच बसली, कारकुनाच्या टेबलासमोर, जमिनीवर मांडी घालून. मागे लोक जमले. शेवटी आतून कचेरीचा साहेब आला. त्याने नियम मागवले, दोनदा वाचले. 'प्रतिष्ठित रहिवासी' एवढेच शब्द होते, बाई की पुरुष याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्याने शिक्का मारला. कारकुनाचं तोंड बघायला सूर्यभान थांबला नाही.

निघण्याच्या दिवशी नत्थुजी विहिरीवर मोट हाकत राहिला, निरोपाला आला नाही. बैलगाडीने, रूळ जिथवर आले होते तिथवर, आणि पुढे आगगाडीने सूर्यभान मुंबईला पोचला.

मुंबईने त्याला सोपं काही दिलं नाही. वर्गातल्या मुलांना त्याचं "मले-तुले" ऐकून हसू येई. तो तसाच बोलत राहिला. चिरफाडीच्या पहिल्या दिवशी दोन मुलं पळाली. सूर्यभान प्रेताच्या डोक्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला, कारण तिथून दार दिसत नव्हतं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी परीक्षा झाली आणि त्याला बाळापूरच्या दवाखान्यावर नेमलं.

तोवर अमेरिकेतली लढाई संपली होती आणि कापसाचे भाव कोसळले होते. नत्थुजीची वांगी मात्र विकली जात होती.

बाळापुरात सूर्यभान एकटा राहू लागला. हाताने भाकरी थापायचा. समाजाचं कुणी त्याच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. सहा महिने झाले असतील. एका दुपारी दवाखान्यासमोर भाजीची गाडी थांबली आणि तीतून सुभद्रा उतरली. काखेत गाठोडं, पाय धुळीने भरलेले.

"मामाजीनं धाडलं?" त्याला खरं वाटेना.

"बाबा कायले धाडते? मीच आली," ती म्हणाली. "त्यायले सांगून आली. ते म्हने, गेली तं मेली. मी म्हनलं, बरं." मग म्हणाली, "वापस धाडत असान तं आत्ताच सांगा. गाडी उभी हाय."

त्याने गाठोडं घेतलं.

काही वर्षांनी पंचांचा निरोप आला. दंड भरा, डोकं भादरा, नदीवर अंघोळ करा, पंगतीत घेऊ. निरोप नत्थुजीच घेऊन आला होता. तो ओट्यावर बसला आणि त्याने निरोप सांगितला. सूर्यभान म्हणाला, "बाबा, माहं काय चुकलं ते पंचायनं लिवून द्यावं. मग भरतो दंड." नत्थुजीने सुनेकडे बघितलं. "भूक लागली बाई," तो म्हणाला, आणि त्याने तिथेच पानावर बसून भाकरी खाल्ली. त्या जेवणाने तोही वाळीत पडला. पंचांना काय उत्तर न्यायचं, हे त्याने मग विचारलंच नाही.

सूर्यभानने दंड कधी भरला नाही. सुभद्रा बाळंतिणींच्या खोलीत मदत करू लागली. दवाखान्यात रोगी येत, समाजाचेही येत, पण औषध घेताना अडत. त्याच्या हातचं पाणी प्यायचं कसं? जुलाब-उलट्यांच्या पटकीच्या साथीत समाजातलाच एक म्हातारा आला, डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. सोबतचा पुतण्या दारातच म्हणाला, "औषध द्या डॉक्टर, पानी आमी घरून आनलं हाय."

"औषध पान्यातच कालवलं हाय," सूर्यभान पेला पुढे करत म्हणाला. "दवाखान्याच्या पान्यात. प्याचं तं प्या."

पुतण्याने पेला ढकलला, औषध जमिनीवर सांडलं. सूर्यभानने दुसरा पेला भरला. यावेळी म्हाताऱ्याने पुतण्याचा हात बाजूला सारला आणि स्वतःच पेला तोंडाला लावला.